जिन्यावरची परात

नाकबाईंचं नाक दिसायला अगदी चारचौघींसारखं होतं. चष्मा टेकेल एवढं, सर्दी होईल एवढं. विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं ते नाकाच्या आकारावरून नव्हे, कर्तबगारीवरून. बाई विधी महाविद्यालयात मालमत्तेचा कायदा शिकवायच्या आणि विद्यापीठाच्या कायदेविषयक त्रैमासिकासाठी लेख तपासायच्या. त्रैमासिकाचा नियम असा, की लेखावरचं नाव काढून तो परीक्षकाकडे पाठवायचा आणि परीक्षकाचं नाव काढून अभिप्राय लेखकाकडे. कोणी कोणाला ओळखू नये, म्हणजे कोणी कोणाची भीड धरणार नाही. कागदावर फार देखणा नियम. बाईंच्या घरी तो पहिल्या परिच्छेदापर्यंतही टिकत नसे.

लेख उघडायचा, अर्धं पान वाचायचं, आणि बाई स्वतःशीच म्हणायच्या, "हे आमचे माजी प्राचार्य. 'तथापि' म्हणून पुन्हा तेच सांगणारा दुसरा माणूस जन्मायचाय." एक गृहस्थ दर दीड ओळीला तळटीप द्यायचे. बाईंच्या मते तो माणूस घरातही पाणी पिताना कोणाचा तरी हवाला देत असणार. एक विदुषी दुसऱ्यांच्या मतांचं इतकं कौतुक करायच्या, की स्वतःचं मत मांडायला शेवटी कागदच उरायचा नाही. आणि एक उमदा तरुण दर लेखात स्वतःच्या आधीच्या लेखाचा आधार घ्यायचा, त्या लेखात त्याच्याही आधीच्या लेखाचा. "खणत गेलं तर तळाशी त्याचा शाळेतला निबंध निघेल," असं बाई म्हणायच्या, आणि हे त्या अभिप्रायातही लिहायच्या.

कारण बाईंच्या नाकासारखीच त्यांची लेखणीही प्रसिद्ध होती. अभिप्रायावर नाव नसलं म्हणून काय झालं? ज्याच्या घरी तो पोचायचा, त्याच्या घरी दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नसे. आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस चरफडत लेख सुधारायला बसायचा, हेही खरं.

एक मात्र होतं. लेखक फारच जवळचा निघाला, तर बाई लेख तिथेच मिटायच्या आणि संपादकांना एका ओळीत कळवायच्या, "लेखक ओळखीचे आहेत. दुसरीकडे द्यावा." ही सचोटी त्यांनी कधी सोडली नाही. आणि तिचा सगळ्यात जास्त फटका बसला तो त्यांच्या नवऱ्याला.

बाईंना नवरा होता. होता म्हणजे अजून आहे, काळजी नसावी. वकीलसाहेब जमीनजुमल्याचे दावे चालवायचे. कोर्टात त्यांचा लौकिक असा, की त्यांनी उलटतपासणी सुरू केली की साक्षीदार सगळं कबूल करायचा. पटलं म्हणून नव्हे, घरी जायचं असायचं म्हणून. लिहितानाही तीच तऱ्हा. त्यांचं वाक्य म्हणजे जुन्या कचेरीचा व्हरांडा. या टोकाला 'सबब', मधे दोन ठिकाणी 'वर नमूद केल्याप्रमाणे', आणि पार त्या टोकाला क्रियापद, तेही बहुधा रजेवर.

वकीलसाहेबांची एकच हौस राहून गेली होती. कोट खुंटीला टांगायच्या आधी त्या त्रैमासिकात आपला एक लेख छापून यावा. "दावा जिंकला तर अशील विसरतो, हरला तर मी विसरतो," असं ते म्हणायचे. "छापलेलं तेवढं राहतं." त्यांनी तीनदा लेख पाठवला. तिन्ही वेळा तो फिरून बायकोच्याच टेबलावर आला, कारण मालमत्तेचा कायदा कळणारी माणसं आहेतच किती. तिन्ही वेळा बाईंनी पहिला 'सबब' बघून कपाळाला हात लावला आणि लेख न वाचता परत केला. पुढे तो ज्यांच्याकडे गेला त्यांना नवऱ्याबद्दल प्रेम वाटण्याचं कारण नव्हतं. त्यांनी 'पाल्हाळ' एवढा एक शब्द लिहून निकाल लावला.

यातलं घरी काही सांगायची सोय नव्हती. नियम म्हणजे नियम. वकीलसाहेब जेवताना म्हणायचे, "तिथे माझ्या वाटेत कोणीतरी ठाण मांडून बसलंय."

"असेल," बाई म्हणायच्या आणि त्यांच्या ताटात वाढायच्या.

मग दोन-तीन वर्षांत बाईंच्या नाकाला काहीतरी झालं.

लेख यायचे, बाई वाचायच्या, आणि कोणाचाच वास यायचा नाही. माजी प्राचार्यांचा 'तथापि' गेला. हवालेवाल्या गृहस्थांच्या तळटीपा पंगतीत बसवल्यासारख्या समान अंतरावर आल्या. प्रत्येक लेख म्हणायचा, की अलीकडच्या काळात या विषयाला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रत्येक लेखात एक बाजू, दुसरी बाजू आणि मग या दोहोंतला समतोल. वाक्यं सगळी मापात, कडक, परीटघडीची. जणू गावभरच्या विद्वानांनी आपापले सदरे एकाच लाँड्रीत टाकले होते. लाँड्री कुठली ते उघड होतं. सगळे एआयकडून लिहून घेत होते. कोणी अर्धं, कोणी सगळं, आणि कोणी आधी सगळं लिहून घेऊन मग 'मी फक्त भाषा तपासून घेतली' म्हणणारे.

बाईंना याचा राग येण्यापेक्षा भीती वाटली. त्या डॉक्टरकडेही गेल्या. "वास येत नाही," म्हणाल्या. डॉक्टरने बॅटरी लावून दोन्ही नाकपुड्या पाहिल्या आणि म्हणाला, "सगळं साफ आहे." बाई म्हणाल्या, "तेच तर."

अशा दिवसांत त्यांच्याकडे उजेडावरचा एक लेख आला.

विषय जुनाच होता. एखाद्या घराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं उजेड येतो, आणि शेजारी त्या खिडकीसमोर भिंत बांधतो. मग त्या उजेडावर घरवाल्याचा हक्क किती? लेखक म्हणत होता, की कायदा आजवर उजेड मोजत आला, खोलीत किती पडला आणि किती कमी झाला ते. मोजायला हवं ते वेगळंच. त्या उजेडात कोण बसून काय काम करत होतं, ते विचारा. भिंत उजेड अडवत नाही, ती कोणाचं तरी काम अडवते.

मुद्दा बाईंना आवडला. फार आवडला, म्हणूनच त्या सावध झाल्या. भाषा तीच, परीटघडीची. आणि मग मधोमध एक उदाहरण आलं. एका घराची स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीने बुजली. तेव्हापासून त्या घरातली गृहिणी भर दुपारी परात घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून कणीक मळत असे, कारण तिथे वरच्या झरोक्यातून उजेड येई. आणि वर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ती परात ओलांडून जावं लागे.

बाईंनी चष्मा काढला. "आलं," त्या म्हणाल्या. "आईची माया, स्वयंपाकघर आणि झरोका. यंत्राला कळलंय, वाचणाऱ्याचे डोळे कशाने ओले होतात ते." आणि त्या दुपारी त्यांनी जो अभिप्राय लिहिला, तो लिहिताना त्यांना किती तरी महिन्यांनी हात मोकळा सुटल्यासारखं वाटलं. मुद्दा बरा आहे, पण शेवटचं पान उगाच आहे, असं लिहिलं. आणि पुढे: "जिन्यावर कोणी कणीक मळत नाही. हे उदाहरण यंत्राने रचलेलं आहे. यंत्राला जिना ठाऊक नाही आणि कणीकही ठाऊक नाही. लेखकाने हे घर दाखवावं, नाहीतर लेख परत न्यावा. खोट्या परातीवर खरा कायदा उभा राहत नाही."

शिफारस: नापसंत.

इथे एक बारकावा सांगायला हवा. बाईंसारख्यांच्या लेखणीबद्दल तक्रारी फार झाल्या, तेव्हा संपादकांनी कार्यालयात एक नवी व्यवस्था आणली होती. येणारा प्रत्येक अभिप्राय आता आधी एआयमधून गाळला जायचा आणि सौम्य होऊन लेखकाकडे जायचा. त्यामुळे वरची वाक्यं जेव्हा लेखकाच्या हाती पडली, तेव्हा ती अशी झाली होती: "माननीय लेखकांनी सदर निवासस्थानाच्या वास्तवतेविषयी कृपया अधिक प्रकाश टाकल्यास लेखाचे मूल्य निश्चितच वृद्धिंगत होईल. जिन्यावर सहसा कणीक मळली जात नसल्याने तूर्त हे उदाहरण स्वयंचलित साधनाने निर्मिले असावे, असे नम्रपणे वाटते."

म्हणजे बघा. लेख यंत्राने इस्त्री केलेला, अभिप्राय यंत्राने इस्त्री केलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या त्रैमासिकाचा नियम शंभर टक्के पाळला गेला. परीक्षकाने लेखकाला ओळखलं नाही आणि लेखकाने परीक्षकाला.

आणि दोघं एकाच टेबलावर जेवत होते.

हो. लेख वकीलसाहेबांचाच होता. यंत्राची युक्ती त्यांची नव्हती. ती त्यांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची. आक्का खालच्याच मजल्यावर राहायच्या. कोर्टात टायपिस्ट म्हणून आयुष्य गेलेलं, आणि निवृत्त झाल्यावर एआय हाताशी आल्यापासून इमारतीच्या सेक्रेटरीला पाठवायच्या तक्रारींना काही सुमारच राहिला नव्हता. भावाच्या तीन लेखांची गत पाहून त्या म्हणाल्या होत्या, "बाळ, तुझी वाक्यं पूर्वी मी कापायचे. आता माझी बोटं दुखतात. यंत्राला दे, ते कापील." बाळ साठी ओलांडलेला होता, पण आक्कांपुढे बाळच. त्याने लेख यंत्राला दिला आणि बायकोला मात्र पत्ता लागू दिला नाही. छापून आल्यावर तिच्यापुढे अंक टाकायचा आणि तिचा चेहरा बघायचा, एवढं त्याचं ठरलेलं होतं. रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून काय करता, असं तिने विचारलं, तर तो म्हणायचा, "वकिलांच्या बार रूममधल्या निरोपाचं भाषण."

"एवढं मोठं?" बाई विचारायच्या. "मग निरोप ऐकणारे घेणार की तुम्ही?"

अभिप्राय आला त्या दिवशी मात्र वकीलसाहेबांचं गुपित गुपित राहीना. आक्का चहाला वर आल्या होत्या. बाई कप भरत होत्या. वकीलसाहेब आत आले ते कोटासकट खुर्चीत कोसळले.

"झालं. पुन्हा नापास," ते म्हणाले.

"कशात?" बाई म्हणाल्या.

"आता लपवून काय करायचंय. त्रैमासिकात. उजेडाच्या हक्कावर लेख दिला होता." ते आक्कांकडे वळले. "आक्का, परीक्षकाने काय लिहिलंय माहितीये? म्हणतो, जिन्यावर कणीक कोणी मळत नाही. म्हणतो, आपली आई यंत्राने रचली."

बाईंच्या हातातली किटली कपावर तशीच राहिली. चहा काठाला आला, काठावरून बशीत आला, बशीतून टेबलावर.

"मास्तरीणबाई, चहा," आक्का म्हणाल्या.

"हो," म्हणत बाईंनी किटली ठेवली. "कोणाची आई?"

"आमची. तुला कसं माहीत असणार? तू लग्न होऊन आलीस तोवर ते घर गेलं होतं," वकीलसाहेब म्हणाले.

"शेजाऱ्याने खिडकीला लागून भिंत चढवली," आक्का सांगू लागल्या. "बाबा म्हणाले, भांडायचं नाही. आई भांडली नाही. परात उचलली आणि जिन्यात जाऊन बसली. येणाराजाणारा प्रत्येक जण परात ओलांडून जायचा आणि ती मान वर न करता म्हणायची, 'जपून, खाली जेवण आहे.' महिनाभराने तो शेजारीच वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे आला, त्यालाही ओलांडावी लागली. त्याला काय म्हणाली ते मात्र आम्हाला कधी कळलं नाही. आणि हा बाळ. शाळेतून धावत आला आणि अख्खा पाय परातीत. रात्री सगळे त्याच्या पायाच्या ठशावरून चिडवत जेवलो."

"हे मी लेखात घातलं नव्हतं," वकीलसाहेब म्हणाले. "यंत्र म्हणालं, विषयाला सोडून होईल."

"पण हा कोण रे शहाणा, आपल्या आईला खोटं ठरवणारा?" आक्का आता पेटल्या होत्या. "कधी स्वयंपाकघरात पाय टाकला असेल का मेल्याने? आयतं गिळत असणार."

"असेल," बाई म्हणाल्या.

"याची बायको याला सहन कशी करते?"

"एकटाच असेल," वकीलसाहेब म्हणाले. "असल्या माणसाजवळ कोण राहील?"

बाई फडकं आणायला उठल्या आणि स्वयंपाकघरात बराच वेळ फडकं शोधत राहिल्या. ते त्यांच्या खांद्यावरच होतं.

सगळ्यात जास्त काय लागलं असेल त्यांना? नवऱ्याला नापास केल्याचं वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर आधी वाटली ती नाकाची लाज. त्या सबंध गुळगुळीत लेखात एकच जागा अशी होती, जिथे माणसाचा वास होता, आणि नेमकं तिथेच बोट ठेवून बाई म्हणाल्या होत्या, हे यंत्राचं आहे.

दुसऱ्या दिवशी त्या तडक संपादकांच्या खोलीत गेल्या. खोली म्हणजे कपाटांमधली बोळ. तीत संपादक जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत कमरेपर्यंत बुडालेले असायचे.

"माझा अभिप्राय मागे घ्या," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "उजेडाचा लेख. लेखक माझे यजमान आहेत."

संपादकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हळूहळू त्यांचा चेहरा खुलत गेला. "म्हणजे तुम्ही, तुम्ही बाई, घरच्या माणसाला ओळखलं नाही?"

"नाही."

"अहो, याच्याइतकी चोख परीक्षणपद्धत जगात कुठे असेल? हे वार्षिक अहवालात घालायला हवं."

"घाला. शेजारी माझा राजीनामाही घाला."

संपादक गंभीर झाले. "बसा. अभिप्राय लेखकाकडे गेला, तो आता परत येत नाही. आणि तुमचा काढला तर उरतं काय? पहिल्या परीक्षकाचा? हा बघा." त्यांनी कागद पुढे केला. त्यावर होतं, की लेख समयोचित असून मांडणी मुद्देसूद आहे, किरकोळ सुधारणांसह स्वीकारार्ह. "हे त्यांनी यंत्राकडून लिहून घेतलंय हे मला कळतं. त्यांनी लेख उघडलाच नाही हेही कळतं. लेखही यंत्राचा, वाचणारंही यंत्र, गाळणारंही यंत्र. मधे तुम्ही एकट्या हाडामांसाच्या होतात, आणि तुम्ही हाड मोडून ठेवलंत."

"मग आता?"

"लेखकाला सुधारायची एक संधी देतो. घर दाखवा म्हणालात ना, दाखवू दे त्याला. सुधारलेला लेख तुमच्याकडे येणार नाही, आपल्या निवृत्त न्यायाधीशांकडे जाईल. ते कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. ते म्हणतील ते खरं. आणि बाई, तोवर घरी एक अक्षर नाही. मदतही नाही."

मदत नाही, हे म्हणायला सोपं होतं. त्याच संध्याकाळी संपादकांचा फोन आला आणि वकीलसाहेब अभिप्रायाचा कागद घेऊन बायकोपुढे बसले.

"अगं, तू इतके लेख तपासतेस. या गाढवाला काय उत्तर द्यावं?"

"मी नाही सांगणार."

"का?"

"तुमचा लेख आहे."

"म्हणून तर विचारतोय. परक्याच्या लेखाला पानं पानं लिहितेस. घरच्याने विचारलं तर तोंडाला कुलूप. त्या माणसाने निदान 'कृपया' तरी म्हटलंय."

बाईंनी ओठ चावले. मग त्या म्हणाल्या, "स्वतःच्या भाषेत लिहा. एवढंच सांगते."

"माझी भाषा त्यांना चालत नाही."

"यंत्राची चालली?"

वकीलसाहेबांनी कागदाची घडी केली. ते उठले, जिन्यात गेले आणि खाली हाक मारली, "आक्का, बोटं कशी आहेत?"

मग आठवडाभर त्या घरात एक गंमत चालली. एका खोलीत वकीलसाहेब येरझाऱ्या घालत सांगायचे आणि आक्का खडाखड टाइप करायच्या. भिंत पातळ. "सबब," असा आवाज यायचा. "सबब काढ," असा दुसरा आवाज यायचा. "बाळ, या वाक्यात मी कधीची चालतेय, दरवाजा कुठेय?" मधेच दोघं हसायचे. बाईंना ऐकायची बंदी होती. त्या आधी कानात कापूस घालून बसल्या, मग रेडिओ लावला, शेवटी चपला घालून इमारतीला फेऱ्या मारू लागल्या. सेक्रेटरीने विचारलं, "बाई, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय का?" बाई म्हणाल्या, "नाही, संपादकांनी."

लेख गेला. वाट बघण्यात वकीलसाहेब असे काही शांत झाले, की बाईंना ते 'सबब' म्हणाले असते तरी बरं वाटलं असतं. त्यांनी कोर्टातली पुस्तकं घरी आणायला सुरुवात केली होती. शेवटच्या दाव्याची तारीख लागली होती. एकदा कपाट लावता लावता ते म्हणाले, "छापलं नाही तरी चालेल गं. आई निदान लिहिली गेली." आणि हे चालणार नाही, हे त्यांच्या पाठीकडे बघून बाईंना कळलं.

त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदाच, देवाला नाही, पण निवृत्त न्यायाधीशांना मनातल्या मनात हात जोडले.

न्यायाधीशांचा अभिप्राय शाईने लिहिलेला आला. त्यांनी तो गाळू दिला नाही. एवढाच होता: "वाक्यं लांब आहेत, पण प्रत्येकाच्या शेवटी कोणीतरी भेटतं. साक्षीदार विश्वासार्ह. परातीतला पाय मान्य. छापा."

अंक घरी आला तेव्हा वकीलसाहेबांनी ठरवलं होतं तसंच केलं. बायको वाचत बसली होती, तिच्यापुढे अंक टाकला आणि समोर बसून तिचा चेहरा बघू लागले. आक्काही आल्या होत्या, त्यांनाही चेहरा बघायचा होता.

बाईंनी लेख उघडला. पहिल्या ओळीत 'सबब' होता. त्यांच्या नाकात एकदम सगळं घर शिरलं. परीक्षकाने सदर निवासस्थान दाखवण्यास सांगितले आहे, असं पुढे लिहिलं होतं. ते घर आता नाही. तथापि त्या परातीत प्रस्तुत लेखकाचा उजवा पाय घोट्यापर्यंत गेलेला असून तो पाय अद्याप लेखकाकडे आहे, सबब पुरावा हजर आहे.

बाई हसल्या. मग त्यांची नजर पहिल्या पानाच्या तळाशी गेली, जिथे लेखक आभार मानतात. तिथे होतं: "ज्या अनाम परीक्षकांनी हे घर दाखवा म्हणून आग्रह धरला, त्यांचा लेखक ऋणी आहे, त्यांच्याविना ही आई छापली गेली नसती. तसेच पत्नीचे आभार. तिने हा लेख वाचला नाही आणि कोणतीही मदत केली नाही, पण घरात शांतता राखली."

"कसं आहे?" वकीलसाहेब म्हणाले.

बाईंनी अंक मिटला. आता छापून झालं होतं, आता नियम आड येत नव्हता. "अहो, तो परीक्षक मी होते."

वकीलसाहेबांनी आधी आक्कांकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग ते मोठ्याने हसले. "तू? छे. काहीतरीच. तो माणूस किती मर्यादेने लिहितो. मी सुरुवातीला चिडलो, पण नंतर चारदा वाचलं तेव्हा कळलं, सभ्य गृहस्थ आहे. 'कृपया' काय, 'नम्रपणे' काय. तू उभ्या आयुष्यात मला एकदा तरी कृपया म्हणाली आहेस?"

"ते मी म्हटलं नव्हतं. ते संपादकांच्या यंत्राने घातलं."

"मग तू काय म्हटलं होतंस?"

"खोट्या परातीवर खरा कायदा उभा राहत नाही."

वकीलसाहेबांचं हसू हळूहळू मावळलं. हे वाक्य कोणाचं, हे ओळखायला त्यांना नाकाची गरज नव्हती. आयुष्यभर ते असल्या वाक्यांच्या समोरच जेवत आले होते.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," आक्का म्हणाल्या. "चहा बशीत आला तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?" वकीलसाहेब.

"मी अर्धा तास शिव्या घालत होते ना. तोंडावर घालायची संधी पुन्हा मिळाली असती का? आणि मास्तरीण प्रत्येक शिवीला 'असेल' म्हणत होती. मला वाटलं, चालू द्यावं."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईला मी ओळखलं नाही."

वकीलसाहेबांनी अंक ओढून घेतला, चष्मा लावला आणि तळटीप पुन्हा वाचली. वकिलाच्या नजरेने, बोट फिरवत.

"इथे एक दोष राहिलाय," ते म्हणाले. "एकाच व्यक्तीचे दोनदा आभार मानलेत. एका ठिकाणी म्हटलंय तिच्याविना ही आई छापली गेली नसती, आणि लगेच पुढे म्हटलंय तिने काहीही केलं नाही. दोन्ही विधानं एकदम उभी राहू शकत नाहीत. एक काढावं लागेल."

"कुठलं काढता?" बाईंनी विचारलं.

वकीलसाहेबांनी पेन उघडलं. पहिल्या वाक्यावर धरलं, दुसऱ्यावर धरलं, पुन्हा पहिल्यावर आणलं. आक्का मान लांब करून बघत होत्या. शेवटी त्यांनी पेन मिटलं, खिशाला लावलं आणि चहाचा कप बायकोपुढे सरकवला.

"पुढची तारीख घ्यावी लागेल," ते म्हणाले. "तोवर कृपया चहा."